ॲप्ट अडकलं, अपडेट अर्ध्यावर थांबलं: तपासायला कुठून सुरुवात करायची

लक्षणं

डेबियन, उबुंटू किंवा त्यांच्या कुळातली कुठलीही लिनक्स सिस्टिम असो, ॲप्ट या साधनाने नवं पॅकेज (प्रोग्रामचा बांधलेला गठ्ठा) टाकताना किंवा अपडेट करताना लोकांना साधारण याच गोष्टी दिसतात:

- “कुड नॉट गेट लॉक” म्हणून ॲप्ट थांबतं, किंवा “वेटिंग फॉर कॅश लॉक” म्हणत सेकंद मोजत बसतं.
- “डीपीकेजी वॉज इंटरप्टेड” असा निरोप येतो आणि पुढे काहीच करू देत नाही. (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं साधन.)
- “नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस” दिसतं, डिस्क मात्र निम्मी रिकामी असते.
- “रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट”, “४०४ नॉट फाउंड”, “हॅश सम मिसमॅच”, “नो पबकी” यांपैकी काहीतरी.
- “अनमेट डिपेन्डन्सीज” किंवा “हेल्ड ब्रोकन पॅकेजेस”.
- चूक कुठलीच नाही, पण काही पॅकेजं रोज “केप्ट बॅक” म्हणून मागेच राहतात.

यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसली तरी दोष बहुतेकदा एकच असतो. एक पॅकेज अडतं आणि बाकीची त्याच्यामागे खोळंबतात. शिवाय हा दोष सहसा पॅकेजमध्ये नसतोच. तो जागेत असतो, घड्याळात असतो, नेटवर्कमध्ये असतो किंवा तुम्ही कधीतरी जोडलेल्या एखाद्या बाहेरच्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या नेटवरच्या भांडारात) असतो. म्हणून तपासणीचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवायचा. पहिल्या तीन पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही आणि बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाका.

आधी वाचा, मग हात लावा

मदत मागणारे लोक नेहमी शेवटची ओळ पाठवतात: “सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड १”. या ओळीतून काहीच कळत नाही. आतलं काम फसलं एवढंच ती सांगते. खरं कारण त्याच्या वर, कधी दहा तर कधी शंभर ओळी वर असतं. वर सरकत जा आणि *पहिली* चूक शोधा. पडदा पुसला गेला असेल तर “/व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग” या फाइलमध्ये सगळं संभाषण जसंच्या तसं साठवलेलं असतं. शेजारच्या “हिस्टरी.लॉग”मध्ये कुठली आज्ञा कधी दिली आणि तिने काय टाकलं, काय काढलं, याची नोंद असते. “काल तर चालत होतं” या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा याच फाइलमध्ये सापडतं.

आणि कळकळीने सांगतो: चूक वाचायच्या आधी कुठूनतरी उचललेली “--फोर्स-ऑल” असलेली आज्ञा चिकटवू नका. मूळ दोष दहा मिनिटांचा असतो. ही आज्ञा त्याचं दोन दिवसांचं काम करून ठेवते.

१. लॉक: थोडं थांबा आणि कोण काम करतंय ते बघा

मशीन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात “ॲप्ट-डेली” नावाचे टायमर पार्श्वभूमीला जागे होऊ शकतात आणि “अनअटेंडेड-अपग्रेड्स” सुरक्षेचे अपडेट बसवायला घेतं. तेवढ्यात तुम्ही ॲप्ट चालवलंत तर लॉक मिळणार नाही. हा दोष नव्हे. पाच-दहा मिनिटं द्या. नंतरही तसंच असेल तर लॉक कोणाकडे आहे ते विचारा:

“सुडो फ्यूझर -व्ही /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड”

नाव आलं तर ती प्रोसेस खरंच काम करतेय की अडून बसलीय ते बघा. “पीएस -इएफ --फॉरेस्ट” दिलं की तिच्या पोटात काय चाललंय ते झाडासारखं दिसतं. तिथे बऱ्याचदा असं आढळतं, की एखादं पॅकेज “जुनी कॉन्फिग फाइल ठेवू की नवी घेऊ?” असं विचारून उत्तराची वाट बघतंय आणि ज्या खिडकीत प्रश्न विचारला ती खिडकी केव्हाच बंद झालीय. दूरच्या सर्व्हरवर मोठं अपडेट करताना टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच (जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणाऱ्या साधनांत) करावं, ते यासाठी. नेट तुटलं तरी परत जोडून उत्तर देता येतं.

लॉकची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सगळीकडे सापडतो. तो घेऊ नका. लॉक त्या फाइलच्या असण्यात नसतं. चालू प्रोसेसने ती फाइल धरून ठेवलेली असते आणि हे धरणं कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सांभाळतो. प्रोसेस मेली की लॉक आपोआप सुटतं, फाइल तिथेच पडून राहिली तरी. फाइल पुसणं म्हणजे आत माणूस असताना दारावरची “आत कोणी आहे” ही पाटी काढणं. दुसरं ॲप्ट नवी फाइल बनवतं, त्यावर स्वतःचं लॉक घेतं आणि मग दोन डीपीकेजी एकाच डेटाबेसमध्ये लिहायला लागतात. अशा डेटाबेसची दुरुस्ती या लेखाच्या सातव्या भागात जाते.

आर्च लिनक्सवर मात्र गोष्ट वेगळी आहे. पॅकमन “डीबी.एलसीके” ही फाइल *आहे की नाही* एवढंच बघतो. वीज गेली तर ती मागे राहते आणि पॅकमन कायमचा अडतो. तिथे दुसरा पॅकमन चालू नाही याची खात्री करून ती फाइल काढणं हाच बरोबर उपाय आहे. एका सिस्टिमवरचा इलाज डोळे मिटून दुसरीवर का लावू नये, ते इथे दिसतं.

२. घड्याळ

“टाइमडेटसीटीएल” टाका. तारीख बरोबर आहे ना? रिपॉझिटरीच्या रिलीज फाइलवर ती कधी बनली याची तारीख असते आणि अनेकदा कधीपर्यंत वैध आहे याचीही. जुनी यादी पुढे करून तुम्हाला जुन्या, भोकं असलेल्या पॅकेजांवर कोणी अडकवून ठेवू नये यासाठी ही सोय आहे. तुमचं घड्याळ मागे असेल तर आजची फाइल ॲप्टला भविष्यातली वाटते आणि ते ती नाकारतं. एचटीटीपीएसची प्रमाणपत्रंही त्याच कारणाने अवैध ठरतात.

बटण-सेल संपलेले जुने संगणक आणि बरेच दिवस झोपवून उठवलेल्या व्हर्च्युअल मशीन यांच्यात हे हमखास होतं. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत बोर्डवर घड्याळाचा चिपच नव्हता, त्यामुळे नेटवरून वेळ मिळेपर्यंत तारीख चुकीचीच राहते. “टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू” केलं, मिनिटभर थांबलं की काम होतं.

३. जागा, आणि खास करून /बूट

इथे जरा सावकाश बघू. परत परत येणाऱ्या तक्रारींमध्ये हीच सगळ्यात जास्त फसवते.

“डीएफ -एच” द्या आणि प्रत्येक ओळ वाचा, फक्त मुळाची (“/”) वाचून थांबू नका. बऱ्याच मशीनवर, विशेषतः डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर, /बूट हे वेगळं छोटं पार्टिशन असतं. प्रत्येक नवा कर्नेल तिथे स्वतःची फाइल, सिस्टिम मॅप, कॉन्फिग आणि इनिटआरडी (मशीन उठताना कर्नेलला आधी लागणारा फाइलींचा गठ्ठा) ठेवतो. यातली इनिटआरडी सगळ्यात जाडजूड. एकेक कित्येक दहा मेगाबाइटची, कधी शंभराच्या वर. जुने कर्नेल साठत गेले की पार्टिशन भरतं.

मग काय होतं ते बघा. नवा कर्नेल येतो, इनिटआरडी बनवायला घेतो, जागा संपते, स्क्रिप्ट फसते आणि ते पॅकेज “अर्धवट कॉन्फिगर” या अवस्थेत अडकतं. यानंतर तुम्ही साधा टेक्स्ट एडिटर टाकायला गेलात तरी डीपीकेजी आधी अडकलेला कर्नेल पुरा करायला बघतं, पुन्हा फसतं आणि चूक दाखवतं. एडिटर खरं तर नीट बसलेला असतो. पण माणूस एडिटरवरच शंका घेतो, तो काढतो, परत टाकतो, आणि चूक तीच. कुठलंही पॅकेज टाका, चुकीत कर्नेलचंच नाव येतंय, असं दिसलं की सरळ /बूट उघडून बघा.

उपाय करताना आधी “यूनेम -आर” देऊन आत्ता चालू असलेला कर्नेल कुठला ते कागदावर लिहून ठेवा. त्याला हात लावायचा नाही. मग “सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज”. बहुतेक वेळा एवढ्याने जुने कर्नेल निघतात. ॲप्ट स्वतःच अवलंबनाची तक्रार करत नकार देत असेल तर एखादा जुना कर्नेल “सुडो डीपीकेजी --पर्ज” ने नाव देऊन काढा. उबुंटूवर त्याच आवृत्तीचं “मॉड्यूल्स-एक्स्ट्रा” पॅकेज असेल तर दोन्ही नावं एकाच आज्ञेत द्या, कारण ते कर्नेलवर अवलंबून असतं. चालू कर्नेल आणि त्याआधीचा एक, असे दोन कायम ठेवावेत.

/बूटमधल्या फाइली हाताने पुसू नका. फाइल गेली तरी डीपीकेजीच्या वहीत कर्नेल बसलेलाच राहतो आणि ग्रबच्या, म्हणजे मशीन उठताना कर्नेल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतली नोंद अस्तित्वात नसलेल्या फाइलकडे बोट दाखवते. पर्ज (पॅकेज कॉन्फिगसकट काढणं) करण्याइतकीही जागा नसेल, तर चालू नसलेल्या एखाद्या कर्नेलची इनिटआरडी तात्पुरती होम फोल्डरमध्ये हलवा, अडकलेलं काम पुरं करा आणि मग तो जुना कर्नेल रीतसर काढा.

बाकी ठिकाणी जागा करायची तर “सुडो ॲप्ट क्लीन” उतरवलेल्या पॅकेजांचा साठा रिकामा करतं. जर्नलचे लॉग वाढले असतील तर “जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम”. आणि जागा दिसतेय, तरी “जागा नाही” म्हणतंय, असं असेल तर “डीएफ -आय” बघा. लाखो बारीक फाइली साठून आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंदीची जागा) संपलेले असतात. कर्नेलची जुनी हेडर पॅकेजं आणि न साफ होणाऱ्या सेशन फाइली हे नेहमीचे दोषी.

४. अर्धवट राहिलेलं काम पुरं करा

जागा झाली, घड्याळ लागलं, आता हे याच क्रमाने:

“सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए”
“सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल”

पहिली आज्ञा उलगडून ठेवलेली पण कॉन्फिगर न झालेली पॅकेजं पुरी करते. ती नवं काही उतरवत नाही, म्हणून ती आधी. दुसरी अवलंबनं जुळवते आणि त्यासाठी काही टाकू शकते, काही *काढू* शकते. “विल बी रिमूव्हड” खालची यादी पूर्ण वाचल्याशिवाय होकार देऊ नका. त्यात तुमचा डेस्कटॉप, सिस्टिमडी (सेवा चालवणारा भाग) किंवा “लिबसी” (जवळजवळ सगळ्या प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी) दिसलं तर तिथेच थांबा. अत्यावश्यक पॅकेज निघणार असेल तर जुनं ॲप्ट “येस, डू ॲज आय से!” हे अख्खं वाक्य टाइप करायला लावायचं. तो अडथळा मुद्दाम ठेवलेला होता.

पहिलीच आज्ञा फसली तर कुठल्या पॅकेजची कुठली स्क्रिप्ट फसली ते तिच्या उत्तरात असतं. ती स्क्रिप्ट “/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो” मध्ये “पोस्टइन्स्ट” या शेपटीने पडलेली असते. साधा मजकूर आहे, उघडून वाचता येतो. पुष्कळदा ती शेवटी सेवा सुरू करायला जाते आणि सेवा उठत नाही. वेब सर्व्हर टाकताय आणि ८० क्रमांकाचं पोर्ट दुसऱ्याच सर्व्हरने धरलंय, किंवा कॉन्फिग फाइलमध्ये एक अर्धविराम राहिलाय. “सिस्टिमसीटीएल स्टेटस” आणि “जर्नलसीटीएल -यू” यांना सेवेचं नाव देऊन विचारा. सेवा दुरुस्त करा, मग वरची पहिली आज्ञा परत द्या. पॅकेज काढून परत टाकल्याने इथे काही साधत नाही, कारण अडचण पॅकेजच्या बाहेर आहे.

५. स्रोत: कुठून घेताय?

४०४ ची कारणं दोन. यादी शिळी झाली असेल तर नुसतं “सुडो ॲप्ट अपडेट” पुरतं. सर्व्हरवर नवी आवृत्ती आल्यावर जुनी फाइल निघून जाते आणि तुमची यादी अजून तीच मागते. अपडेटच ४०४ देत असेल तर तुमच्या वितरणाची मुदत संपली असण्याची शक्यता जास्त. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने आधार असतो. नंतर त्या “ओल्ड-रिलीजेस” सर्व्हरवर हलतात, डेबियनच्या जुन्या आवृत्त्या “आर्काइव्ह” वर. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि त्याची पॅकेजं आता “व्हॉल्ट” मध्ये आहेत. पत्ता बदलला की इन्स्टॉल परत चालू होतं, पण सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. तेव्हा हा पत्ता नव्या आवृत्तीवर जाईपर्यंतची सोय समजा.

“नो पबकी” म्हणजे रिपॉझिटरीची सही ओळखणारी किल्ली तुमच्याकडे नाही. ती त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, “/इटीसी/ॲप्ट/कीरिंग्स” मध्ये ठेवा आणि स्रोताच्या ओळीत “साइन्ड-बाय” ने तिचा उल्लेख करा. जुनी “ॲप्ट-की” पद्धत मोडीत निघाली, कारण तिने टाकलेल्या एका किल्लीवर *सगळ्याच* रिपॉझिटऱ्यांसाठी विश्वास बसायचा. सही तपासणंच बंद करणारा “ट्रस्टेड=येस” हा पर्याय वापरू नका. सही गेली की वाटेत पॅकेज बदललं गेलं तरी कळायला मार्ग उरत नाही.

“हॅश सम मिसमॅच” आला तर “/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स” मधला मजकूर रिकामा करा, “ॲप्ट क्लीन” करा आणि परत अपडेट करा. तासाभराने आपोआप गेला तर मिरर (रिपॉझिटरीची प्रत ठेवणारा सर्व्हर) तेव्हा अर्धवट बदललेला होता. एकाच नेटवर्कवर येतो आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येत नाही, तर मधला प्रॉक्सी जुनी फाइल देतोय. आणि दर वेळी *वेगळ्याच* फाइलला येत असेल तर रॅम तपासा. खराब रॅम अशीच गुपचूप एखादा बिट पालटते. मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवला की कळतं.

६. अवलंबनांचा गुंता

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी “अनमेट डिपेन्डन्सीज” येतंय, तर “ॲप्ट-कॅश पॉलिसी” ला अडलेल्या पॅकेजचं नाव द्या. कुठली आवृत्ती बसलीय, कुठली मिळू शकते आणि ती कुठल्या स्रोतातून येते, हे तीन ओळींत दिसतं. बसलेली आवृत्ती कुठल्याच चालू स्रोतात नसेल तर ती एखाद्या जुन्या पीपीएची (उबुंटूवर लोकांनी स्वतः चालवलेल्या रिपॉझिटरीची) किंवा दुसऱ्या वितरणाची आहे. स्थिर डेबियनवर एका पॅकेजसाठी टेस्टिंगचा (पुढच्या, अजून चाचणीतल्या आवृत्तीचा) स्रोत जोडला की हे ठरलेलं. तो स्रोत बंद करा आणि पॅकेज नावापुढे बरोबरीचं चिन्ह आणि आवृत्ती लिहून अधिकृत आवृत्तीवर परत आणा. “ॲप्ट-मार्क शोहोल्ड” ही बघा. कोणीतरी एखादं पॅकेज रोखून विसरलेलं असतं.

“केप्ट बॅक” ने घाबरू नका. उबुंटूवर २१.०४ पासून ॲप्ट टप्प्याटप्प्याने येणारे अपडेट पाळतं. आधी थोड्या मशीनवर, मग सगळ्यांवर. काही दिवसांत ते आपोआप बसतात.

आता ॲप्टच्या पाठीमागून केलेले बदल. “सुडो पिप इन्स्टॉल” ने (पिप म्हणजे पायथनचं स्वतःचं पॅकेज साधन) सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेजं टाकली की सिस्टिमची स्वतःची साधनं मोडतात. डेबियन १२ पासून पिप स्वतःच “एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट” म्हणून नकार देतं. त्यावरचा मार्ग “व्हेनव्ह” किंवा “पिपएक्स”, म्हणजे पॅकेजं सिस्टिमपासून वेगळ्या जागेत टाकणं. पायथन ३ ची सिस्टिममधली कडी नव्या आवृत्तीकडे वळवली तर “नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी” येतं; कडी मूळ जागी आणली की जातं. तसंच स्रोतापासून बांधून “/यूएसआर/लोकल” मध्ये टाकलेली लायब्ररी वितरणाच्या लायब्ररीच्या आधी उचलली जाऊ शकते. “सिम्बॉल लुकअप एरर” आला की त्या प्रोग्रामवर “एलडीडी” चालवून लायब्ररी कुठून येतेय ते बघा.

इतर सिस्टिमवर क्रम हाच, आज्ञा वेगळ्या. फेडोरावर “डीएनएफ क्लीन ऑल”, आणि आरपीएमचा डेटाबेस बिघडला तर “आरपीएम --रीबिल्डडीबी”. आर्चवर अर्धवट अपग्रेड चालत नाही. “-एसवाय” करून एकच पॅकेज टाकू नका, “-एसवाययू” करा, आणि सह्यांची तक्रार आली तर आधी “आर्चलिनक्स-कीरिंग” ताजं करून लगेच पूर्ण अपग्रेड करा. मॅकवर होमब्रू अडलं तर “ब्रू डॉक्टर”. मॅकओएस अपग्रेडनंतर बहुधा कमांड लाइन टूल्स परत टाकावी लागतात.

७. डीपीकेजीची वहीच फाटली तर

“/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस” या फाइलमध्ये काय काय बसलंय त्याची पूर्ण नोंद असते. लिहिता लिहिता वीज गेली तर ती कधी रिकामी होते, कधी तिच्यात कचरा येतो. आधी “/व्हार/लिब/डीपीकेजी” हे *अख्खं* फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. मग शेजारची “स्टेटस-ओल्ड” बघा, तीही खराब असेल तर “/व्हार/बॅकअप्स” मध्ये “डीपीकेजी.स्टेटस.०” आणि त्याआधीच्या प्रती असतात. चांगली प्रत जागेवर ठेवा, “डीपीकेजी --ऑडिट” चालवा आणि त्या प्रतीनंतर जे बसलं ते डीपीकेजीच्या लॉगमधून पाहून परत टाका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

“रीड-ओन्ली फाइल सिस्टिम” दिसलं आणि “डीमेसेज” मध्ये आय-ओ एरर असतील तर प्रश्न पॅकेजचा राहिलेला नाही, डिस्क जातेय. एकही आज्ञा आणखी देऊ नका. डेटा बाहेर काढणं हेच पहिलं काम. डेटाची दुसरी प्रत नसेल तर तेही स्वतः न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

“लिबसी ६” अर्धवट बसलंय आणि “एलएस” सारखी साधी आज्ञाही चालत नाही, तरी थांबा. उघडं असलेलं रूट टर्मिनल बंद करू नका, परत मिळेलच असं नाही.

लोकांचं काम ज्यावर चालू आहे असा सर्व्हर, विशेषतः डेटाबेसची मुख्य आवृत्ती बदलताना अडकलेला, आणि ज्या दूरच्या मशीनला कन्सोलने पोहोचता येत नाही ते: दोन्ही ठिकाणी तपासलेला बॅकअप नसेल तर चौथ्या पायरीच्या पुढे एकट्याने जाऊ नका.

येणाऱ्या माणसाला टर्म.लॉग, हिस्टरी.लॉग, “डीएफ -एच”, “डीपीकेजी --ऑडिट” यांचं उत्तर आणि तुम्ही स्वतः दिलेल्या सगळ्या आज्ञा द्या, फसलेल्याही. आणि तो येईपर्यंत मशीन रीस्टार्ट करू नका. इनिटआरडी अर्धवट असेल तर आत्ता चालू असलेला कर्नेल मेमरीत शाबूत आहे. बंद केल्यावर ते मशीन परत उठेलच असं नाही. डिस्कच जात असेल तर मात्र मशीन चालू ठेवायचं की बंद करायचं, हे त्यालाच फोनवर विचारा.